अवतरणचिन्हांतील बोली : वऱ्हाडातील पुरस्कारप्राप्त कलाकृतींच्या निमित्ताने

१

मूर्तिजापूर ते अचलपूर या अरुंदमापी लोहमार्गावर, 'शकुंतला' या नावाने लोकांच्या तोंडी राहिलेल्या गाडीच्या वाटेत, दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जी ही गावे लागत. ती गाडी आता धावत नाही. परंतु मराठी साहित्यव्यवहाराच्या दृष्टीने या मार्गाच्या दोन टोकांचा एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार गो. नी. दांडेकर यांच्या 'स्मरणगाथा'ला मिळाला. दांडेकरांचा जन्म अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याचा. लगोलग १९७७ चा पुरस्कार आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, यांच्या 'दशपदी'ला मिळाला. अनिलांचा जन्म मूर्तिजापूरचा. सलग दोन वर्षांचे मराठीतील दोन मानकरी एकाच छोट्या लोहमार्गाच्या दोन टोकांना जन्मलेले आहेत. या गोष्टीचा वऱ्हाडाला अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे. मात्र या दोन्ही पुस्तकांची लेखनभाषा वऱ्हाडी नाही, ही दुसरी गोष्ट त्या अभिमानाच्या भरात सहसा नोंदवली जात नाही.

'दशपदी'कडून तशी अपेक्षा ठेवण्याचे कारणही नाही. अनिलांची काव्यभाषा मुळापासूनच नागर, संस्कारित आणि संयत आहे. परंतु दांडेकरांचे तसे नाही. पूर्णाकाठच्या जीवनावरची 'पूर्णामायची लेकरं' ही कादंबरी त्यांनी वऱ्हाडी बोलीत लिहिली. अकादमीच्या सन्मानापर्यंत पोहोचली ती मात्र त्यांच्या भटकंतीच्या वर्षांची प्रमाण मराठीतील स्मरणगाथा. यात कोणाचा कट नाही, कोणावर अन्यायही नाही. तरीही येथे एक प्रश्न उभा राहतो. पुरस्कार ही केवळ गुणवत्तेची पावती असते, की ते एक विशिष्ट प्रकारचे वाचनही असते? आणि वाचन असेल, तर वऱ्हाडी बोली त्या वाचनात कोणत्या जागी बसवली जाते? प्रस्तुत लेखात कादंबरी, नाटक, चित्रपट, गीत आणि अखेरीस कीर्तन या रूपांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'पुरस्कारप्राप्त कलाकृती' हा शब्दप्रयोग आपण सर्व कलांना सारखाच लावतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दर कलेगणिक बदलतो. साहित्य अकादमीचा वार्षिक पुरस्कार एका लेखकाच्या एका पुस्तकाला मिळतो आणि ते पुस्तक ठराविक कालावधीत प्रथम प्रकाशित झालेले असावे लागते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार कृतीला नसून कलावंताला, त्याच्या एकूण कामगिरीला असतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार एका कृतीचे अनेक घटक करतात : दिग्दर्शन, अभिनय, संगीत, गीत, आणि त्याशिवाय त्या त्या भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपट. म्हणजे एके ठिकाणी छापील संहिता, दुसऱ्या ठिकाणी कलावंताची कारकीर्द, तिसऱ्या ठिकाणी सामूहिक निर्मितीचे विभाजन, असे पुरस्काराचे विषयच निरनिराळे आहेत.

या भेदाचे परिणाम वऱ्हाडाच्या उदाहरणात ठळक दिसतात. महेश एलकुंचवार यांना नाट्यलेखनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९८९ मध्ये मिळाला, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार २००२ मध्ये 'युगान्त'ला मिळाला. त्या नाट्यत्रयीचा पहिला भाग 'वाडा चिरेबंदी' मात्र १९८५ मध्येच विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आला होता. प्रेक्षकाने कानांनी ऐकलेले नाटक आणि परीक्षकाने डोळ्यांनी वाचलेले पुस्तक यांत सतरा वर्षांचे अंतर आहे. उच्चार, हेल, थांबणे, ओढून बोलणे हा बोलीचा प्राण होय. छापील संहितेत त्याचा अल्पांशच उतरतो. ज्या व्यवस्थेचा विषय छापील कृती आहे, त्या व्यवस्थेत बोलीचा मोठा भाग आरंभीच गळून पडतो.

उलट बाजूचे उदाहरण अमरावतीच्या सुरेश भटांचे आहे. मराठी गझलेला जनमानसात स्थान मिळवून देणाऱ्या या कवीच्या रचना संग्रहांतून जितक्या पोहोचल्या, त्याहून कितीतरी अधिक मैफलींतून आणि चित्रपटांतून पोहोचल्या. 'सिंहासन' (१९७९) आणि 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान लाभला आणि भटांचे शब्द त्या चित्रपटांबरोबर घरोघरी गेले. म्हणजे शब्द लोकांच्या ओठांवर आणि पुरस्कार चित्रपटाच्या नावावर, अशी ही वाटणी झाली. तरीही भटांची भाषा सर्वस्वी प्रमाण मराठी आहे, हे येथे विसरता कामा नये. वऱ्हाडातून निघून सर्वदूर गेलेला हा आवाज बोली मागे ठेवून गेला. गझलेच्या बंदिस्त वृत्तरचनेला आणि मराठीभर पसरलेल्या श्रोत्याला ते सोयीचे होते, असे म्हणता येईल. परंतु सोय कोणाची आणि किंमत कोणाची, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

३

कादंबरीच्या क्षेत्रात बोलीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण कादंबरीला निवेदक असतो. वऱ्हाडी जीवनावरील बहुतेक मान्यताप्राप्त कादंबऱ्यांत भाषेची एक ठरीव वाटणी दिसते : निवेदन प्रमाणभाषेत, संवाद बोलीत. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) या वाटणीचा वस्तुपाठ होय. कौतिक बोलते ती वऱ्हाडी. कौतिकविषयी सांगितले जाते ते प्रमाण मराठीत. संवादाभोवतीची अवतरणचिन्हे येथे केवळ विरामचिन्हे राहत नाहीत; ती दोन भाषांमधील, आणि काही अंशी दोन सामाजिक स्थानांमधील, सीमारेषा होतात.

या रचनेचे समर्थन सहज करता येईल. वाचक महाराष्ट्रभरचा आहे; त्याला वाट दाखविणारा निवेदक हवा. शेळक्यांचा निवेदक तर अत्यंत संयमी आहे. तो कौतिकवर दया करीत नाही, तिच्या दुःखाचे प्रदर्शन मांडत नाही. तथापि समर्थन आणि विश्लेषण या दोन भिन्न गोष्टी आहेत. बोलीला बोलण्याचा अधिकार मिळतो, पण सांगण्याचा मिळत नाही, ही या वाटणीतील खरी मेख आहे. बोलीतून पात्र रडते, भांडते, विनोद करते. पण काळ पुढे नेणे, कार्यकारण जोडणे, माणसाचे मूल्यमापन करणे ही कामे प्रमाणभाषा करते.

(नामसाम्यामुळे होणारा एक घोटाळा येथे दूर करणे इष्ट. शिवाजी लोटन पाटील दिग्दर्शित 'धग' या चित्रपटाने ६० व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शन व अभिनयाचे सन्मान मिळविले. त्याचा शेळक्यांच्या कादंबरीशी संबंध नाही. ती स्वतंत्र कथा आहे. कौतिकची कथा अकादमीच्या मानकऱ्यांच्या यादीतही नाही. तरी वऱ्हाडी कादंबरीचा कोणताही विचार तिच्यावाचून सुरू होत नाही. पुरस्काराची यादी आणि परंपरेची यादी एक नसते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.)

१९९५ मध्ये वाशीमचे नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ'ला अकादमी पुरस्कार मिळाला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. दलित स्त्रीच्या जगण्याची ही कादंबरी आणि तिच्या मागून २००४ मध्ये पुरस्कृत झालेली सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) यांमुळे वऱ्हाडचा ग्रामीण अनुभव राष्ट्रीय मान्यतेच्या कक्षेत आला. यांपैकी 'बारोमास'चा येथे थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे, कारण तीत वर सांगितलेली वाटणी पाळलीही जाते आणि तिला आतून तडाही जातो.

'बारोमास'चा नायक एकनाथ हा शेतकऱ्याचा उच्चशिक्षित मुलगा आहे. पदवी आहे, पण नोकरीसाठी मोजावा लागणारा पैसा नाही. शेती आहे, पण तिच्यात निभाव लागत नाही. निवेदन बव्हंशी त्याच्या जाणिवेजवळून वाहते. येथे निवेदनाची भाषा प्रमाण असली तरी तिच्यातला शब्दसंग्रह शेतातला आहे. अवजारांची, पेरणीची, पिकांच्या अवस्थांची, ढोरावासरांची नावे निवेदक स्वतःची म्हणून वापरतो. ती समजावून सांगण्याच्या भानगडीत पडत नाही. शब्द बोलीचे आहेत. व्याकरण मात्र प्रमाणभाषेचेच आहे. वऱ्हाडीची खरी ओळख पटते ती तिच्या व्याकरणातून : 'मले', 'तुले', 'त्याले' अशी 'ले' प्रत्ययाची रूपे, 'करून राहिला' अशी अपूर्ण क्रिया, 'येजो', 'करजो' अशी आज्ञार्थी रूपे, 'ळ'च्या जागी 'य' घेणारा 'डोया', 'जवय' असा उच्चार. ही रूपे संवादांतच राहतात. थोडक्यात, बोलीचे शब्द निवेदनाच्या आत आले आहेत आणि तिचे व्याकरण उंबऱ्याबाहेर आहे.

हा दोष आहे काय? माझ्या मते नाही. आणि 'बारोमास'चे मोठेपण नेमके येथेच आहे. ज्याचे शब्द शेतातले आणि व्याकरण महाविद्यालयातले, असा एकनाथ हा माणूस आहे. शिक्षणाने त्याला जी एकमेव वस्तू निश्चितपणे दिली ती ही भाषा; आणि बाजारात तिला मोल नाही. घरात बापाशी, आजोबाशी, भावाशी बोलताना ती कामाची नाही. नोकरीच्या दाराशी ती पुरेशी नाही. त्यामुळे प्रमाण निवेदन आणि बोली संवाद यांमधील फट ही या कादंबरीत केवळ लेखनाची सोय उरत नाही, ती तिचा आशय बनते. शेळक्यांच्या कादंबरीत जी वाटणी गृहीत होती, ती येथे नायकाच्या जीवनातील चीर म्हणून प्रत्ययाला येते. मिखाईल बाख्तिन यांनी कादंबरीला अनेक सामाजिक भाषांच्या संघर्षाचे क्षेत्र मानले. 'बारोमास'मध्ये तो संघर्ष पात्रापात्रांत आहे, त्याहून अधिक एका माणसाच्या वाक्यरचनेत आहे.

पुरस्कारानंतरच्या गौरवपर लेखनात मात्र या कादंबरीविषयी 'मातीचा गंध', 'अस्सल ग्रामीण अनुभव', 'बोलीचा गोडवा' अशी विशेषणे पुनःपुन्हा येतात. ज्या कृतीने बोली आणि प्रमाणभाषा यांच्या संबंधाचा प्रश्न उभा केला, तिचे कौतुक बोलीला सुगंधी द्रव्य मानून व्हावे, हा विपर्यास आहे. पुरस्कार योग्य कृतीला मिळाला. तो का योग्य आहे याची कारणे मात्र आपल्या समीक्षेने अजून पुरेशी सांगितलेली नाहीत.

४

नाटकात निवेदक नसतो. संवादाला अवतरणचिन्हे लागत नाहीत, कारण सर्वच संवाद असतो. मग बोलीला तेथे निर्वेध सत्ता मिळते काय? 'वाडा चिरेबंदी'चे उत्तर सूक्ष्म आहे. धरणगावच्या देशपांडे घराण्यातील तात्यांच्या मृत्यूनंतरचे ते दिवस. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, तेराव्याचा खर्च, अंगावरच्या सोन्याची चिंता. या वाड्यात मुंबईहून मुलगा सुधीर आणि त्याची पत्नी अंजली येतात. वाड्यात राहिलेल्यांची बोली आणि मुंबईकरांची भाषा यांतील अंतर पहिल्या प्रवेशापासून ऐकू येते. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला वाड्यात प्रवेश मिळतो तो या पाहुण्यांच्या पावलांनी. कादंबरीत जे काम प्रमाणभाषी निवेदक करतो, ते येथे बाहेरून आलेले पात्र करते. चौकट गेलेली नाही. ती रंगमंचावर येऊन बसली आहे.

परंतु चौकट पात्र झाली की तीही तपासणीला उभी राहते, हा नाटकाचा लाभ. कादंबरीतील निवेदकाला कोणी उलट प्रश्न विचारू शकत नाही; सुधीरला वाडा विचारतो. तू गेलास, आम्ही राहिलो, या आरोपात भाषेचाही आरोप मिसळलेला आहे. प्रमाणभाषा येथे तटस्थ राहत नाही. घर सोडून गेलेल्याची भाषा म्हणून ती ऐकू येते. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. एलकुंचवारांची वऱ्हाडी ही पडत्या काळातील जमीनदार ब्राह्मण घराण्याची वऱ्हाडी आहे. कौतिकची वऱ्हाडी ती नव्हे. 'वऱ्हाडी' हा एकवचनी शब्द आपण वापरतो तेव्हा जात, वर्ग, लिंग आणि तालुका यांनुसार पालटणारी तिची अनेक रूपे झाकली जातात. पुरस्कृत कृतींच्या आधारे एखाद्या बोलीचे चित्र उभे करणाऱ्या अभ्यासकाने हे भान विशेषत्वाने ठेवले पाहिजे.

५

चित्रपटातही निवेदकाची सक्ती नसते. शिवाय उच्चार जसाच्या तसा नोंदला जातो. बोलीला याहून अनुकूल माध्यम नाही असे वाटेल. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटात विदर्भातील शेतकरी कुटुंब आपल्या बोलीत जगते. नवऱ्याच्या मनात आत्महत्येचा विचार तर नाही ना, या धास्तीने त्याच्यावर नजर ठेवणारी पत्नी आणि पावसाची वाट पाहणारे शेत एवढ्या सामग्रीवर तो उभा आहे. त्यातील काळा विनोद मुख्यतः बोलीच्या कोरड्या, तिरकस वळणातून येतो. वऱ्हाडी माणूस दुःखाविषयी सरळ बोलत नाही, हे तो चित्रपट ऐकवतो.

पण रॉटरडॅमच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातील प्रेक्षकाला, किंवा मराठी न जाणणाऱ्या कोणत्याही परीक्षकाला, हे ऐकू येत नाही. त्याच्यापुढे पडद्याच्या तळाशी इंग्रजी उपशीर्षके असतात. तलाठ्याची, सावकाराची, शेतकऱ्याच्या आईची आणि शहरातून आलेल्या अधिकाऱ्याची भाषा तेथे एकाच सपाट इंग्रजीत उतरते. कादंबरीने बोलीला अवतरणचिन्हांत ठेवले होते, म्हणजे निदान ती वेगळी असल्याचे सांगितले होते. उपशीर्षक तो वेगळेपणाच पुसून टाकते. ६६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सन्मान मिळविणाऱ्या 'नाळ'सारख्या चित्रपटालाही राष्ट्रीय पातळीवर याच मार्गाने जावे लागते. त्यातील लहानग्याचे बोलणे मराठी प्रेक्षकाला जसे हसवते आणि हेलावते, त्याचा उलगडा उपशीर्षकांवरून होणार नाही.

गीताची गोष्ट आणखी निराळी आहे. अकोल्याचे विठ्ठल वाघ यांची तिफणीची कविता 'अरे संसार संसार' (१९८१) या चित्रपटातून मराठीभर गायिली गेली. चालीवर स्वार झालेला ग्रामीण शब्द श्रोत्याला अडत नाही. अर्थ पूर्ण न कळताही तो गुणगुणला जातो. संगीत हे बोलीचे सर्वांत उदार वाहन आहे आणि सर्वांत निष्काळजीही. शब्द पोहोचतो, पण त्याचा जगण्याशी असलेला संबंध पोहोचेलच याची शाश्वती नसते. तिफण कधी न पाहिलेला श्रोताही ते गाणे आवडीने ऐकतो; त्याने ऐकावेच. मात्र त्या आवडीला बोलीचा स्वीकार मानण्याची घाई समीक्षेने करू नये.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. बोलीचा एवढा आग्रह धरणे म्हणजे प्रादेशिक अस्मितेला समीक्षेचा पोशाख चढविणे नव्हे काय? पुरस्कार भाषेच्या प्रकाराला द्यावयाचा की कलात्मक सिद्धीला? आक्षेप रास्त आहे. वऱ्हाडीत लिहिले म्हणून कोणतीही कृती थोर ठरत नाही, आणि वऱ्हाडीसाठी पुरस्कारांत वाटा मागणे हा या लेखाचा हेतू नाही. तसा वाटा मिळाला तर बोली पुन्हा एका वेगळ्या रकान्यात, म्हणजे अधिक मोठ्या अवतरणचिन्हांत, जाऊन बसेल. प्रश्न मूल्यमापनाच्या परिभाषेचा आहे. बोलीला वातावरणनिर्मितीचे साधन मानणारी परिभाषा 'बारोमास' किंवा 'वाडा चिरेबंदी' यांतील भाषिक संघर्ष पाहूच शकत नाही, मग 'पूर्णामायची लेकरं'सारख्या कृतीचे काय घेऊन बसावे?

हा केवळ सैद्धांतिक प्रश्न नाही. पुरस्कृत पुस्तक अभ्यासक्रमात येते, अभ्यासक्रमातून प्रश्नपत्रिकेत आणि तेथून उत्तरपत्रिकेत. अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, अचलपूर या परिसरातील पदव्युत्तर वर्गात बसणारा विद्यार्थी घरी 'मले' म्हणतो आणि उत्तरपत्रिकेत लिहितो, 'लेखकाने ग्रामीण वातावरण निर्माण करण्यासाठी बोलीभाषेचा प्रभावी वापर केला आहे.' स्वतःच्या आईच्या व्याकरणाला तो वातावरण म्हणतो. त्याला हे वाक्य कोणी शिकवले? आम्हीच, म्हणजे मराठीच्या अध्यापकांनी आणि आमच्या हातातील समीक्षाग्रंथांनी. एकनाथच्या जीवनातील चीर त्या उत्तरपत्रिकेत पुन्हा उमटते, आणि तिला पैकीच्या पैकी गुणही मिळतात.

यावर उपाय म्हणून पुरस्कृत कृती बाजूला सारण्याची गरज नाही. त्या अपुरस्कृत कृतींच्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. 'स्मरणगाथा' 'पूर्णामायची लेकरं'च्या शेजारी आणि 'बारोमास' 'धग'च्या शेजारी वाचावी. 'युगान्त'ची छापील संहिता तिच्या प्रयोगाबरोबर अभ्यासावी. अशा शेजारातून पुरस्काराने काय पाहिले आणि काय त्याच्या नजरेतून निसटले, हे दोन्ही एकदम दिसू लागते. पुरस्कार हा निकाल न राहता एक पुरावा होतो, आणि पुराव्याची उलटतपासणी करता येते.

अशा तपासणीसाठी लागणारा एक मापदंड आपल्याच परिसरात आहे. याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे मराठीच्या आद्य गद्यग्रंथाचे, 'लीळाचरित्रा'चे स्थान. तेथे सांगणारा आणि बोलणारा यांच्या भाषांत आजच्यासारखी दरी नाही. त्यानंतर अनेक शतकांनी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांनी कीर्तनाचे जे रूप घडविले, त्याला कोणत्याही साहित्यपुरस्काराच्या नियमावलीत जागा नव्हती. ते पुस्तक नव्हते, आणि दर कीर्तनागणिक श्रोत्यांच्या उत्तरांनी ते बदलत असे. त्यात प्रश्न विचारणारा, दृष्टान्त सांगणारा, काळ पुढे नेणारा, माणसांना जोखणारा आवाज वऱ्हाडी होता. मधूनच येणारा संतांचा अभंग हे त्या वऱ्हाडी निवेदनात घेतलेले अवतरण असे. कादंबरीने रूढ केलेली वाटणी त्यात नेमकी उलटी झालेली आहे : बोली सांगते आणि ग्रंथभाषा अवतरणचिन्हांत येते. वऱ्हाडी सांगू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर त्या कीर्तनाने केव्हाच दिले आहे. ते उत्तर मोजता येईल अशी मापे घडविणे, हे काम समीक्षेकडे उरले आहे.